गाडा आला, गाडा गेला

हिरवा माणूस पेटला, खांबावरच्या यंत्रातला आवाज टुकटुक करू लागला, फुटपाथवर थांबलेली माणसं लगबगीनं पलीकडे गेली, आणि सिरिल ग्रीनहाल्शचे पाय रस्त्याच्या बरोबर मधोमध येऊन थांबले. त्यानं थांबवले नव्हते. ते आपले आपण थांबले. अर्धा रस्ता त्यांनी बिनतक्रार पार करून दिला होता आणि आता, आजच्यापुरतं एवढंच ठरलं होतं अशा थाटात, ते जागचे हलेनात. त्यानं खाली बघितलं. खाली नवं डांबर होतं. गेल्याच महिन्यात नगरपालिकेनं सगळा रस्ता उकरून गुळगुळीत करून ठेवला होता. एक भेग नाही, एक ठिगळ नाही. या क्रॉसिंगला पांढरे पट्टेही नव्हते, नुसते दिवे. इकडून तिकडे सगळं एकसारखं काळं, आणि सिरिलला प्रश्न पडला, की पाऊल उचललं तर ते ठेवायचं नेमकं कुठे? टुकटुक बंद झाली. हिरवा माणूस विझून लाल माणूस आला आणि तोही सिरिलसारखाच दोन्ही हात खाली सोडून मुकाट उभा राहिला.

"काय आजोबा, मुक्काम करताय का इथंच?" बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "तंबू आणून देऊ?" मागच्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. एक बाई पिशव्या टाकून धावत आली आणि त्याचं कोपर धरून ओढायला लागली. ओढलं की पाय आणखी घट्ट बसतात, हे तिला कोण सांगणार? सिरिलची जीभ हल्ली मनातल्या वाक्याच्या फार मागून चालायची. घोटे थरथरत होते, टाचा उचलू बघत होत्या, पण चवडे डांबराला चिकटले होते. गंमत म्हणजे त्याला भीती वाटत नव्हती, नुसती लाज वाटत होती, शाळेत फळ्यापाशी उभं केल्यावर वाटायची तशी. तेवढ्यात वाऱ्यानं कुणाच्या तरी आइस्क्रीमची चपटी काडी सरपटत आली आणि त्याच्या बुटासमोर आडवी पडली. सिरिलनं तिच्याकडे पाहिलं. उजवं पाऊल उचललं गेलं, काडीच्या पलीकडे पडलं, मग डावं, मग पुन्हा उजवं, आणि तो चालत चालत थेट फुटपाथवर गेला. बाईला वाटलं आपल्या ओढण्याचा गुण आला. ती त्याच्या मुलीबरोबर शाळेत कामाला होती, त्यामुळे सिरिल घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली.

जॅनिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दोनशे पोरांना जेवायला वाढून झालं, की तीच ओट्यावरची उष्णता अंगावर घेऊन ती बापाकडे यायची. त्या दिवशी येताना तिनं कसायाकडून रॅग पुडिंग आणलं, म्हणजे फडक्यात बांधून उकडलेली मटणाची पोटली. ते ती फक्त वाईट बातमी सांगायची असली की आणायची. आई गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळीसुद्धा तिनं तेच आणलं होतं. सिरिलनं पोटलीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

"गुरुवारी त्या ओक लॉज वृद्धाश्रमात जायचंय आपल्याला," तिनं त्याच्याकडे पाठ करून सांगितलं. "नुसतं बघायला. खालच्या मजल्यावरची खोली रिकामी झालीय."

"रिकामी झाली म्हणजे कुणीतरी गेलं असणार."

"बाबा, प्लीज."

"बरं, नाही बोलत."

"आज ती बस थांबली नसती तर? मला शाळेत फोन आला तेव्हा माझ्या हातात कस्टर्डचं पातेलं होतं. सगळं जमिनीवर." ती वळली. तिचे डोळे लाल होते. "पाय अडकतात ते मी समजू शकते. पायांचं काहीतरी करता येईल. पण नर्सबाई म्हणाल्यात, या गोळ्यांनी पुढे पुढे माणसाला नाही ते दिसायला लागतं. तसं झालं ना, तर मी तुम्हाला एक रात्रही एकट्याला नाही ठेवणार. मला जमणार नाही ते, बाबा. केनच्या आईचं, माझ्या सासूचं, मी बघितलंय. शेवटी ती मला चोर समजून किंचाळायची." मग, शक्य तितक्या सहज आवाजात: "तुम्हाला काही दिसत नाही ना?"

"तू दिसतेस," सिरिल म्हणाला. "आणि पुडिंग गार होताना दिसतंय."

ती हसली आणि कात्रीनं फडक्याची गाठ कापायला लागली. बॉयलरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला वॉल्टर टेटलोही हसला. वॉल्टर मरून तीस वर्षं होऊन गेली होती. सिरिलनं त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता, तेव्हा तो तिथं नाही हे सिरिलला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नव्हता. नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून तो येऊन बसायचा. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पांढरी पातळ विजार, तेलानं पिवळी पडलेली बंडी, आणि अनवाणी, काळे, रुंद पाय पुढे पसरलेले. उपद्रव काही नाही. सूतगिरणीत कातायच्या गाड्यांच्या त्यांच्या जोडीवर तो मुख्य कातणारा होता आणि सिरिल त्याच्या हाताखालचा पोरगा, त्यामुळे आताही तो सिरिलकडे चूक काढायच्या नजरेनं बघत बसायचा. बायको, एडना, गेल्यापासून या स्वयंपाकघरात सिरिलकडे असं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं. हे जॅनिसला कसं सांगणार? सांगितलं तर ओक लॉज. म्हणून तो सांगत नव्हता. रोज सांगत नव्हता, आणि न सांगण्याचं ते ओझं पायांपेक्षा जड झालं होतं. आपल्या मुलीशी आपण खोटं बोलतोय याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

"गुरुवारच्या आधी एक करू," जॅनिस म्हणाली. "नर्सबाईंनी मागे तो कागद दिला होता ना, कंपवाताच्या लोकांसाठी नाचाचा वर्ग? उद्या दुपारी आहे. एकदा जाऊन येऊ. म्हणजे मी काही केलं नाही असं व्हायला नको."

"नाच? मी?"

"तुमच्या कर्ल्यू मिलमध्ये आहे तो."

सिरिल चावायचा थांबला. कोपऱ्यात वॉल्टरनं पाय आखडून घेतले आणि ताठ बसला.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायला त्या रात्री त्याला बराच वेळ लागला. वर्षापूर्वी जॅनिसनं हौसेनं इथं नवी जमीन करून घेतली होती, मधाच्या रंगाची, बिनसांध्याची, पुसायला सोपी. त्याआधी इथं काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं लिनोलियम होतं. ते कुठे कुठे उचकटलं होतं, त्याच्यात म्हातारा माणूस अडखळून पडेल म्हणून तिनं स्वतःच्या पैशानं ते काढून टाकलं. त्या चौकोनांवर एक खेळ चालायचा. जॅनिस चार-पाच वर्षांची होती. पहिल्या पाळीवरून सिरिल घरी यायचा, बूट दारात काढायचा, आणि ती धावत येऊन त्याच्या पावलांवर आपली पावलं ठेवून, त्याच्या पट्ट्याला धरून उभी राहायची. "गाडा आला," म्हणत तो तीन पावलं पुढे यायचा, "गाडा गेला," म्हणत तीन पावलं मागे. पुढे, मागे. पण दर फेरीला एक चौकोन जास्त पुढे, एक चौकोन जास्त, असं करत करत मोरीपासून मागच्या दारापर्यंत पोचायचं, आणि दार आलं की ती किंचाळायची. एडना म्हणायची, दिवसभर गाड्यामागं चालून पोट भरत नाही का तुझं, की घरीपण तेच? एडनाचा आवाज मात्र कधी यायचा नाही. एडना दिसायचीही नाही. नव्या गोळ्यांना बहुधा फक्त गिरणीच ठाऊक होती.

कर्ल्यू मिलचं धुराडं अजून उभं होतं, पण त्याच्यावर आता मोबाइलचे खांब उगवले होते. गिरणी बंद पडल्यावर मधल्या काळात बिचारीनं पोट भरायला नाना धंदे केले. काही वर्षं तिथं पोस्टानं कपडे पाठवणाऱ्यांचं गोदाम होतं, मग स्वस्त पलंगांचं दुकान, मग नुसती कबुतरं. आता वरच्या मजल्यांवर फ्लॅट होते, तळाला बरणीतून कॉफी विकणारं हॉटेल होतं, आणि दुसऱ्या मजल्यावर नाचाचं सभागृह. लिफ्टमध्ये जॅनिसनं त्याचा हात धरला होता. "काही वाटतंय का?" तिनं विचारलं. त्याला जिना आठवत होता, पहाटेचा दगडी जिना, पुढच्याच्या टाचा बघत चढायचा. वर पोचायच्या आत प्रत्येकानं बूट काढून हातात घेतलेले असायचे, कारण कातायच्या खात्यात जमिनीवर शंभर वर्षांचं तेल जिरलेलं होतं आणि बुटानं त्याच्यावर कुणी उभंही राहू शकलं नसतं. लिफ्ट वर गेली तसा जिना त्याच्यातून खाली खाली जात राहिला, आणि दार उघडलं तेव्हा त्याला क्षणभर कळेना की आपण वर आलोय की आत.

सगळं पांढरं होतं. लोखंडी खांबांच्या रांगा पांढऱ्या, भिंती पांढऱ्या, आणि त्या उंच खिडक्या, ज्या त्याच्या काळी धुळीनं दुधाळ असायच्या, त्या स्वच्छ धुतलेल्या. दुपारचं ऊन तिरपं आत येऊन पडलं होतं आणि त्यात काहीच तरंगत नव्हतं. त्याची नजर कापसाचे तंतू शोधत राहिली. उन्हात तंतू नाहीत म्हणजे खातं थांबलंय, असं त्याच्या छातीला वाटलं आणि ती दडपली. इंजिन बंद झालं की असं व्हायचं. दोर थांबायचे, पट्टे थांबायचे, आणि कानात एवढी मोठी शांतता भरायची की माणसं उगाच एकमेकांना ओरडून निरोप द्यायची. खाली जमिनीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करडं रबरी आवरण अंथरलं होतं. फक्त खिडक्यांच्या कडेनं, जिथं खोली ऊबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ होते तिथं, चारेक हात रुंदीची जुनी लाकडी जमीन उघडी सोडली होती. तिथून तो वास येत होता, तेलाचा, जुना, गोडसर. बाकीच्यांना तो येत नव्हता बहुधा.

वर्ग घेणारी मुलगी शाझिया सडपातळ, खणखणीत आवाजाची होती. "या, सिरिलकाका! जॅनिसताईंनी सांगितलं, तुम्ही इथंच होतात म्हणे. माझे आजोबा रात्रपाळीला होते, खालच्या मजल्यावर. मिरपूरहून आले ते थेट रात्रपाळीलाच. ते म्हणायचे, वीस वर्षं इंग्लंडमध्ये राहिलो पण दिवसा इंग्लंड कसं दिसतं ते माहीत नाही." सगळे हसले. खुर्च्यांवर दहा-बारा जण बसले होते, कुणाचा हात हलतोय, कुणाची मान, कुणाचा चेहरा थिजलेला. आणि प्रत्येकाच्या शेजारी एक बायको नाहीतर नवरा, पाण्याची बाटली धरून. "बूट काढायचे, मोजे राहू देत," शाझिया म्हणाली. सिरिलनं वाकून बूट काढले, मोजेही काढले, ते बुटात खोचले, आणि विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.

"बाबा!" जॅनिस कुजबुजली. "मोजे राहू देत म्हणाली ती. आणि विजार कशाला?"

त्यानं आपल्या पावलांकडे पाहिलं. ती आता पांढरीफटक होती, निळ्या शिरांची, कुणा दुसऱ्याच माणसाची. लग्नाच्या आदल्या आठवड्यात एडनानं सोडा आणि दगड घेऊन ती घासली होती. तिच्या आईच्या परसात, बादलीत पाय घालून तो बसला होता आणि ती घासत होती, हसून हसून तिला दम लागला होता. "असल्या पायांनी माझ्या स्वच्छ चादरीत शिरणार होय रे तू?" तेल निघालं नाही. कातडीत मुरलं होतं. चादरीवर पहिल्या रात्री दोन पिवळसर ठसे उमटले आणि त्या चादरीवरचे ते डाग तिनं कधी काढले नाहीत. गिरणी बंद पडल्यावर वर्षभरात पाय आपोआप पांढरे झाले, तेव्हा एडनाच रडली होती. आज ते आठवून सिरिललाही रडू आलं, पण चेहऱ्याचे स्नायू त्याच्या हातात नव्हते, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

पियानोचं संगीत सुरू झालं. बसल्या बसल्या हात हलवायचे, मग मान, ते सगळं त्याला जमलं. मग शाझिया म्हणाली, आता उठायचं आणि समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, हळूहळू, पाण्यातून चालल्यासारखं. सगळे निघाले. सिरिल करड्या रबरावर दोन पावलं गेला आणि त्याचे पाय बसले. करडं, सपाट, एकसारखं. कालचंच डांबर फिक्या रंगात. घोटे थरथरायला लागले. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी तरंगत पुढे गेली आणि तो मागे उरला. त्यानं जॅनिसकडे पाहिलं नाही. ती काय बघतेय ते त्याला माहीत होतं. ती गुरुवार बघत होती.

"काय रे, तिथं कुठं उभा राहिलास?" वॉल्टर टेटलोचा आवाज आला. तो खिडकीपाशी, उघड्या फळ्यांवर उभा होता, आणि त्याच्या मागे आणखी काही जण होते, पाठमोरे, पांढऱ्या विजारींचे. "ते काय खातं आहे होय? इकडे ये. गाडा सुटेल."

येऊ कसा, सिरिल मनात म्हणाला, पाय येत नाहीत. "आम्ही विचारतोय का पायांना?" वॉल्टर म्हणाला. सिरिलच्या डाव्या हाताला खांब होता. तो खांबाला धरून, रबरावरून पाऊल घासत घासत, इंच इंच बाजूला सरकला, कठड्यावरून चालणारं मांजर सरकतं तसा, आणि त्याचा डावा अंगठा रबराची कड ओलांडून लाकडावर पडला. लाकूड गरम होतं, नळांमुळे. थोडं चिकट होतं. आडव्या फळ्या, आणि दोन फळ्यांमध्ये काळी सांध. सांध, फळी, सांध, फळी, खिडक्यांच्या कडेनं थेट पलीकडच्या दारापर्यंत. त्यानं पहिल्या सांधीकडे पाहिलं आणि उजवं पाऊल तिच्या पलीकडे गेलं.

मग त्याला काही करावं लागलं नाही. एक, दोन, तीन, आणि थांबून मागे, एक, दोन, तीन. समोर गाडा होता. सूत पिळणाऱ्या हजारेक चात्या अंगावर घेऊन तो लांबलचक गाडा रुळांवरून बाहेर यायचा, हजार धागे एकदम ताणत, आणि क्षणभर थांबून, सूत गुंडाळत परत आत जायचा. माणसानं त्याच्यासोबत जायचं, तुटलेला धागा दिसला की वाकून दोन बोटांत सांधायचा, आणि गाडा बाहेर निघाला की मागे सरायचं. पाठीमागे जोडीचा दुसरा गाडा असायचा, त्याचं उलट चालायचं. हा गेला की तो यायचा. दोघांच्या मधल्या बोळात सगळा दिवस, सगळी तरुण वर्षं. उन्हात तंतू तरंगायला लागले होते. अंगाला घाम सुटला. गुडघे सैल झाले, खांदे पडले, आणि त्याची बोटं, गेली तीन वर्षं चहाचा कप धरता न येणारी बोटं, हवेत धागा सांधायला लागली. तो सुखी होता. शरीर आपलं आहे ही गोष्ट त्याला पुन्हा कळत होती.

"अरे वा! बघा, सिरिलकाकांकडे बघा!" शाझिया टाळ्या वाजवत होती. "या, आता इकडे या, माझ्यापर्यंत!" तो आला, तीन पावलं. आणि मागे गेला. "या ना!" तो आला. मागे गेला. लोक हसले, प्रेमानं हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. त्याचे पाय चालत होते पण कुठेच जात नव्हते. ते सिरिललाही कळलं, जरा उशिरा. त्याच्या पायांना एवढंच माहीत होतं, बाहेर यायचं आणि आत जायचं. इंजिन थांबल्याशिवाय थांबायचं नाही. आणि इंजिन कोण थांबवणार? त्याला शेवटचा दिवस आठवला. भोंग्याची वाट न बघता कुणीतरी मध्येच कळ दाबली होती आणि गाडे जिथं होते तिथंच उभे राहिले, त्याचा गाडा निम्मा बाहेर, निम्मा आत, धागे ताणलेले. तो आत जाईल म्हणून सिरिल कितीतरी वेळ त्याच्यापाशी उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यांनी घण घालून तो तिथंच फोडला. दम लागत होता. पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या. "वॉल्टर," तो म्हणाला, बहुधा मोठ्यानं, "थांबवा आता." वॉल्टर म्हणाला, "माझ्या हातात कुठं आहे, लेका?"

जॅनिस खुर्चीवरून उठली होती. तिनं बूट काढले. मग तिथंच, सगळ्यांसमोर, खुर्चीला टेकून, स्कर्टखाली हात घालून पायमोजे ओढून काढले आणि खुर्चीवर फेकले. पन्नाशी उलटलेली जाडजूड बाई, पावलं सुजलेली, अंगठ्याला चिकटपट्टी. ती फळ्यांवर आली आणि त्याच्या समोर, हातभर अंतरावर, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. तो पुढे आला तशी ती मागे सरली. तो मागे गेला तशी ती पुढे आली. दोन फेऱ्या तिनं नुसता ताल धरला. मग तो पुढे येत असताना ती म्हणाली, "गाडा आला," आणि तीनाऐवजी चार सांधी मागे गेली. त्याची नजर तिच्या पावलांवर होती. तोही चार आला. "गाडा गेला." तीन मागे. "गाडा आला." आणि तिनं आणखी एक फळी घेतली.

"तुला आठवतं," तो म्हणाला. जीभ या खेपेला वाक्याच्या बरोबर आली.

"बोलू नका, पाय बघा. गाडा आला."

असं करत करत, एकेक फळी चोरत, ती उलट्या पावलांनी आणि तो सुलट्या, ते खिडक्यांच्या कडेनं निघाले. उन्हाचे पट्टे त्यांच्या अंगावरून जात होते. शाझियानं पियानो बंद केला होता. सभागृहात फक्त चार अनवाणी पावलांचा आवाज होता, आणि ते ऐकताना सिरिलला वाटलं की एवढासा आवाज या खात्यात कधी कुणी ऐकलाच नसेल. दार आलं. जॅनिसची पाठ दाराला लागली आणि ती किंचाळली नाही, पण तिचा चेहरा चार वर्षांचा झाला होता. सिरिल तिच्या खांद्यावर हात ठेवून थांबला. त्याला थांबता आलं. शाझिया म्हणाली, "फळ्यांमुळे, हो ना? रेघ ओलांडायची असली की पाय उचलतात. आम्हाला शिकवताना सांगितलं होतं हे, आणि आम्हीच सगळं झाकून ठेवलंय." जॅनिसनं खाली फळ्यांकडे पाहिलं. ती आपल्या मधाच्या रंगाच्या, बिनसांध्याच्या, पुसायला सोप्या जमिनीचा विचार करत होती, हे सिरिलला तिच्या ओठांवरून कळलं आणि त्याला तिची दया आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली ती पांढऱ्या चिकटपट्टीची भलीमोठी गुंडाळी घेऊनच. पुडिंग नव्हतं. सिरिलला ते बरं लक्षण वाटलं, पण ओक लॉजचं तिनं काही म्हटलं नाही आणि त्यानं काही विचारलं नाही. तिनं टेबल सरकवलं, खुर्च्या बाहेर काढल्या आणि जमिनीवर ओणवी झाली. "चाला," तिनं हुकूम सोडला. तो टेबलाची कड धरून जमेल तसं पाऊल टाकायचा, ती तिथं खूण करायची, आणि दातांनी पट्टी तोडून आडवी चिकटवायची. मोरीपासून सुरुवात केली. पहिल्या चार रेघा झाल्या तेव्हा त्यानं टेबल सोडलं. ती रांगत पुढे, तो तिच्या मागे. खिडकीतून शेजारच्यांच्या रेडिओवरचं फुटबॉलचं समालोचन येत होतं. स्वयंपाकघर ओलांडायला कधी इतका वेळ लागला नव्हता आणि कधी इतकं बरंही वाटलं नव्हतं, आणि त्या बरं वाटण्यातच त्याचं भान सुटलं. मधल्या दाराकडे जाणारी वाट बॉयलरच्या कोपऱ्याजवळून वळत होती. जॅनिसनं गुडघे सरकवले, पट्टी ताणली, आणि स्टुलाच्या पुढ्यात जमिनीवर टेकवायला वाकली.

"जपून," सिरिल म्हणाला. "वॉल्टरच्या पायावर चिकटवशील."

बोलून गेल्यावर त्याला ऐकू आलं. रेडिओवर कुणीतरी गोल चुकवला होता आणि हजारो माणसं हळहळली. जॅनिसचे हात पट्टी ताणलेल्या अवस्थेत थांबले, तिचं डोकं खालीच होतं. भांगातल्या पांढऱ्या केसांची रेघ त्याला दिसत होती. संपलं, त्याला वाटलं. एवढे महिने सांभाळलं आणि रेघांच्या नादात सांगून बसलो. आता ती उठेल, हात पुसेल, फोन करेल. खोली रिकामीच आहे. तिला चूक म्हणता येणार नाही. तिनं आधीच सांगितलं होतं. त्यानं वॉल्टरकडे पाहिलं, वॉल्टर अपराध्यासारखा आपल्या काळ्या पावलांकडे बघत होता.

"हे वॉल्टर," जॅनिसनं मान वर न करता विचारलं, "म्हणजे तुमच्या जोडीवरचे? टेटलो?"

"हो."

"ओरडतात?"

"नाही. नुसते बसतात. कधीमधी चूक काढतात."

"आई?"

"नाही," सिरिल म्हणाला. "ती येत नाही."

जॅनिसनं पट्टी पुन्हा ताणून धरली.

"वॉल्टरकाका," ती रिकाम्या स्टुलाला म्हणाली, "पाय उचला जरा."

वॉल्टर टेटलोनं घाईघाईनं दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर घेतले. तिनं पट्टी जमिनीवर टेकवली, तळहातानं दाबून नीट बसवली, आणि पुढची रेघ आखायला सरकली.